शाळा सकाळी नऊला, तरी मुलांची झोप अपुरी का?

पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय राज्य सरकारने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी घेतला. मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मांडला होता.

वाशिमसारख्या विदर्भातल्या जिल्ह्यात मात्र हा दिलासा उन्हाळा लागेपर्यंतच टिकतो. कडक उन्हामुळे शाळा सकाळच्या सत्रात भरवाव्या लागतात. २०२५ च्या उन्हाळ्यात प्राथमिक शाळांसाठी सकाळी ७ ते ११.१५ ही वेळ ठरवण्यात आली होती.

किती झोप हवी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार ३ ते ४ वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास झोप हवी. ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी झोपतज्ज्ञ ९ ते १२ तास सांगतात.

आता हिशेब करून पाहा. सातच्या शाळेसाठी सहाला उठणारे पहिलीतले मूल किमान रात्री ९ ला झोपलेले हवे. नऊच्या शाळेसाठी साडेसातला उठत असेल, तर साडेदहाला. पण 'शाळा उशिरा आहे' म्हणून अकरापर्यंत मोबाइल चालला, तर वाढलेला वेळ तिथेच संपतो.

झोप का लागत नाही?

अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते आणि झोप येऊ लागते. प्रखर उजेडाने ते लांबते. झोप लागताना शरीराचे तापमानही थोडे उतरते. दिवसभर तापलेल्या पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात ते लवकर उतरत नाही.

घरी काय करता येईल?

• झोपण्याच्या तासभर आधी टीव्ही-मोबाइल बंद करा, दिवे मंद करा.
• रोज तोच क्रम ठेवा: हातपाय धुणे किंवा अंघोळ, मग गोष्ट किंवा अंगाई.
• संध्याकाळनंतर चहा देऊ नका.
• सकाळच्या शाळेच्या दिवसांत दुपारी थोडे झोपू द्या, पण संध्याकाळपर्यंत नको.
• उन्हाळी वेळ सुरू होण्याआधी आठवडाभर झोपण्याची वेळ रोज १०-१५ मिनिटांनी अलीकडे आणा.

मूल रोज घोरत असेल किंवा झोपेत श्वास अडखळत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. झोपेसाठी कोणतेही सिरप स्वतःहून देऊ नका.