समजून घ्या : भारताचे गोल आटले, दोष एकट्या कोचचा?

साताऱ्याच्या राजवाड्यापासून सांगलीच्या विश्रामबागपर्यंत फुटबॉलवेड्यांचा वाद एकच : भारताचे गोल होत नाहीत, त्याला कोच जबाबदार की खेळाडू? आधी आकडे पाहू.

तीन कोच, दुखणं एकच
• इगोर स्टिमाच : जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात ३ सामने, ० गोल. जूनमध्ये हकालपट्टी.
• मानोलो मार्केझ : पुढच्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत बांगलादेशशी ०-०, हाँगकाँगकडून ०-१ पराभव. जुलै २०२५ मध्ये निरोप.
• खालिद जमील : सिंगापूरशी १-१, मग मडगावात १-२. पात्रतेची आशा तिथेच संपली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यातही ०-१.

म्हणजे पात्रता फेरीच्या पहिल्या ५ सामन्यांत फक्त २ गोल.

मग अडतं कुठे?
आयएसएलमधले बरेच क्लब स्ट्रायकर परदेशातून आणतात. भारतीय पोरगा विंगवर सरकतो. शेजारच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आक्रमणात होता. पुढे क्लबकडून तो बहुतेक विंगवरच दिसला. म्हणूनच मार्च २०२५ मध्ये निवृत्त सुनील छेत्रीला चाळिशीत परतावं लागलं.

कोच निर्दोष?
नाही. कोणाला उतरवायचं आणि कसं खेळायचं, हे तोच ठरवतो. पण राष्ट्रीय कोचच्या हाती खेळाडू वर्षातले मोजकेच आठवडे असतात. बाकी सराव क्लबकडे.

त्यामुळे पुढच्या पराभवानंतर कोचचा राजीनामा जरूर मागा. सोबत हेही विचारा : आपल्या लीगमध्ये ९ नंबरच्या जागेवर भारतीय किती?