‘आठवड्यातून एकदाच’ हा बचाव टिकत नाही

“आम्ही काही दारुडे नाही. शनिवारी मित्रांबरोबर बसतो, एवढेच!” आमच्या शिकणाऱ्या तरुणांकडून हे उत्तर आम्ही नेहमी ऐकतो. वकिलाच्या भाषेत हा बचाव आहे आणि बचाव पुराव्यावर तपासायचा असतो.

असा पुरावा स्पेनमधून आला आहे. तेथे विद्यार्थी आठवडाअखेरीस चौकांत, बागांत जमून पितात. या प्रथेला ‘बोतेयोन’ म्हणतात. आठवडाभर थेंब नाही, मग एका बैठकीत पाच-सहा पेग! सांतियागो दे कोंपोस्तेला येथील संशोधकांनी अशा विद्यार्थ्यांची स्मरणशक्ती तपासली. ऐकवलेली गोष्ट लगेच आणि काही वेळाने पुन्हा सांगण्यात ते इतरांपेक्षा मागे पडले, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१७ साली स्पेन-पोर्तुगालच्या संशोधकांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या मेंदूचे आलेख मांडले. हे विद्यार्थी काहीही काम न करता स्वस्थ बसले होते. तरीही त्यांच्या मेंदूतील काही लहरींचा जोर जास्त आढळला आणि त्यांतला एक भाग स्मृतीशी संबंधित केंद्राच्या लगतचा होता.

हा बदल दारूनेच घडवला, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण मेंदूची जडणघडण पंचविशीपर्यंत चालू असते. अशा वयात संशयाचा फायदा दारूला द्यायचा की मेंदूला?

तथागतांनी पाचव्या शीलात मद्याला प्रमादाचे मूळ मानले. पालीतील ‘सति’ म्हणजे स्मृती आणि जागृतीही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. संविधानाचे कलम ४७ राज्याला मद्यबंदीसाठी झटायला सांगते. सरकार मात्र दारूचा महसूल मोजत बसते. त्याच्या भरवशावर आपण राहू नये.

ज्यांना पिढ्यानपिढ्या अक्षर नाकारले गेले, त्यांच्या मुलांकडे ना जमीन, ना कारखाना. वाचलेले डोक्यात राहणे, हेच त्यांचे भांडवल. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या पोराने तेच शनिवारी उधळावे काय?

समाजबांधवांनो, हा विषय विहारांत, वसतिगृहांत, जयंती मंडळांच्या बैठकांत घ्या. पोरांना रागावू नका, पुरावा दाखवा. आणि जयंतीच्या मिरवणुकीत पिऊन नाचणाऱ्याला प्रतिज्ञेची आठवण करून द्या.