अबोलीने बोलायचे की नाही?



या तिमाहीच्या टपालात एका गटाचे पत्र आहे. गटातल्या एका कार्यकर्तीने आपल्या मुलीचे नाव अबोली ठेवले आणि त्यावरून बैठकीत बराच वाद झाला. बायकांना बोलते व्हा म्हणून आपण गावोगाव सांगत हिंडतो आणि घरच्या पाळण्यात मात्र न बोलणारी घालतो, हे कसे? असा पत्राचा सूर आहे. आमचे मत विचारले आहे. प्रश्न वरवर किरकोळ दिसतो, पण तसा तो नाही, म्हणून इथेच लिहीत आहोत.

आधी फुलाविषयी. अबोली दक्षिण भारत आणि श्रीलंका या भागातली. गोव्यात नि तळकोकणात ती परसात सहज वाढते. तिच्या फुलाला वास नाही. सुगंध हेच फुलाचे बोलणे धरले तर ही अबोल, असा नावाचा अर्थ लावता येतो. फूल वजनाला अगदी हलके आणि लवकर न कोमेजणारे, त्यामुळे गजऱ्याला फार सोयीचे. कोकणात त्याचे वळेसर होतात, गोव्यात फाती. देवळाबाहेर, बाजाराच्या तोंडाशी ते ओवत बसलेल्या बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. त्या भाव सांगताना काही अबोल नसतात.

आणखी एक गंमत आहे. फूल गळल्यावर मागे राहणारे बोंड वाळते आणि पावसाचे पाणी लागले की तटकन फुटून बिया लांब उडवते. इंग्रजीत याच गुणावरून अबोलीला फटाक्याचे फूल म्हणतात. आपल्याकडे नाव ठेवणाऱ्यांनी वास तेवढा हुंगून पाहिला, बोंडाचा आवाज कुणी ऐकला नाही!

मुलींना फुलांची नावे देण्याची आपली चाल जुनी आहे, पण सगळी फुले सगळ्यांच्या वाट्याला आली नाहीत. शेवंता, गुलाब, चंपा, फुलाबाई ही कष्टकरी बायकांची नावे. कुसुम, मालती, पद्मा ही संस्कृतातून आलेली, शिकलेल्या पांढरपेशा घरांतली. शेवंता, चमेली, गुलाब या नावांना तमाशाचा वास येतो म्हणून ती टाळणारी घरे होती. नाचणाऱ्या बाईचे नाव आपल्या मुलीला नको, हा त्यामागचा विचार. पुढे प्राजक्ता, निशिगंधा, केतकी, अबोली अशी नावे मध्यमवर्गात रुळली. फूल मराठमोळे हवे, पण शेवंताच्या पंगतीला बसणारे नको, अशी ती निवड होती. आता अबोली हे नाव चांगलेच ओळखीचे आहे. स्टार प्रवाह वाहिनीवर २०२१ साली सुरू झालेल्या मालिकेच्या नायिकेचेही तेच.

मुलांना फुलांची नावे मिळत नाहीत असे नाही. पंकज, राजीव, अरविंद ही सारी कमळेच. पण त्या नावांतून कुणी मुलाकडून नाजूकपणाची अपेक्षा धरत नाही. गुलाबला पुढे राव जोडला की काम भागते. मुलीच्या नावात मात्र आपण तिच्या वागण्याचा नियम लिहून ठेवतो. अबोली हे नाव खटकते ते इथे. सोसते पण बोलत नाही, हे आजही सुनेचे कौतुक म्हणून सांगितले जाते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ साली झाला, २००६ साली लागू झाला. पण सल्ला केंद्रात येणाऱ्या बाईला पहिले वाक्य बोलायला किती वेळ लागतो, हे तिथे बसणाऱ्या कार्यकर्तींना विचारा.

तरीही त्या आईला दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. याच भाषेत अबोला हाही शब्द आहे. अबोला धरला जातो, म्हणजे तो कुणी लादलेला नसतो. ज्या बाईजवळ दुसरे कोणतेच हत्यार नाही ती अबोला धरते आणि घर हलवते. न बोलण्याचे हे दोन प्रकार, आणि दोन्ही आपल्या आज्यांना ठाऊक होते.

शिवाय शब्दाचा अर्थ वापराने बदलतो. २०१६ साली महाराष्ट्रात बायकांसाठी राखून ठेवलेल्या परवान्यांवरच्या रिक्षांना अबोली रंग ठरला. ठाण्याच्या रस्त्यावर अबोली रिक्षा म्हटली की डोळ्यांसमोर येते ती हॉर्न वाजवत, गिऱ्हाइकाशी भांडत वाट काढणारी चालक बाई. (बायकांच्या रिक्षेला वेगळा रंग हवाच कशाला, यावर आमच्यातच दोन मते आहेत. ते पुन्हा कधी.)

आम्हाला नावापेक्षा नाव ठेवण्याचा हक्क महत्त्वाचा वाटतो. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. म्हणजे वडिलांच्या घराकडून, आणि तेही अशा बाईकडून, जिचे स्वतःचे नाव कदाचित लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळावर बदलून गेले असेल. असे नाव बदलावेच असे कोणताही कायदा सांगत नाही. दुसरीकडे मुलीवर मुलगी झाली म्हणून नकुसा हे नाव चिकटलेल्या कितीतरी जणी. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींची नावे समारंभाने बदलली. त्यांना नवे नाव निवडता आले, ही त्यातली मोठी गोष्ट.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लावणे राज्य शासनाने सरकारी कागदपत्रांत सक्तीचे केले. चांगले झाले. विवाहित स्त्रीच्या बाबतीत मात्र स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव ही चालू पद्धतच ठेवली. लेकीच्या कागदावर आई आली, आईच्या स्वतःच्या कागदावर नवराच राहिला.

तेव्हा त्या गटाला आमचे सांगणे एवढेच, की छोट्या अबोलीला अबोलीच राहू द्या. मोठी झाल्यावर नाव ठेवायचे की टाकायचे ते ती ठरवील. तुमच्या पुढच्या बैठकीत मात्र प्रत्येकीने सांगावे: माझे नाव कुणी ठेवले, लग्नात ते बदलले का, बदलताना मला विचारले का, आणि आज रेशनकार्डावर, बँकेत, सातबाऱ्यावर कोणते आहे. आहे का मुळात? जे निघेल ते लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी चार पाने राखून ठेवली आहेत.