कार्यशाळा पुरे, भाड्याचं बोला

अमेरिकेत कृष्णवर्णीय, लॅटिनो किंवा मूलनिवासी माणसानं सामाजिक संस्था काढली की पैशांआधी त्याच्या वाट्याला प्रशिक्षण येतं. नेतृत्वविकास, क्षमतावर्धन, प्रस्ताव कसा लिहावा, वगैरे. दोन दिवसांचं शिबिर, चांगलं जेवण, शेवटी प्रमाणपत्र. परत येऊन बघावं तर ऑफिसचं भाडं थकलेलंच.

माझं म्हणणं सरळ आहे. या संस्था अकलेवाचून अडत नाहीत, पैशांवाचून अडतात.

‘इकोइंग ग्रीन’ आणि ‘ब्रिजस्पॅन’ या दोन संस्थांनी २०२० मध्ये एक अहवाल काढला. ‘इकोइंग ग्रीन’कडे आलेल्या अर्जांतल्या सर्वांत सरस उमेदवारांच्या संस्था त्यात तपासल्या होत्या. म्हणजे ‘गुणवत्ता कमी पडते’ ही सबब आधीच बाद. तरीही कृष्णवर्णीयांच्या संस्थांचं उत्पन्न गोऱ्यांच्या संस्थांपेक्षा २४ टक्के कमी निघालं. आणि हवी तशी वापरता येईल अशी बिनअटीची शिल्लक? तब्बल ७६ टक्के कमी.

खरी गोम या दुसऱ्या आकड्यात आहे. प्रकल्पाच्या पैशांतून मुलांच्या वह्या येतात, हिशेबनिसाचा पगार निघत नाही. एक हप्ता तीन महिने लांबला की गाठीला शिल्लक असलेली संस्था तगते, दुसरी माणसं कमी करते. मग देणगीदार म्हणतो, ‘यांना टिकता येत नाही’ आणि टिकून कसं राहावं यावर आणखी एक कार्यशाळा घेतो!

‘बिनअटीचे पैसे दिले तर उधळतील,’ हा नेहमीचा आक्षेप. हिशेब जरूर मागा. पण मॅकेन्झी स्कॉट यांनी २०२० पासून अनेक संस्थांना मोठमोठ्या रकमा अटी न घालता दिल्या. ‘सेंटर फॉर इफेक्टिव्ह फिलान्थ्रॉपी’नं त्या संस्थांचा अभ्यास केला, तेव्हा बहुतेकींनी आपला आर्थिक पाया भक्कम झाल्याचं सांगितलं. शंका पैशांवर असती तर ती सगळ्यांवर सारखी घेतली गेली असती. इथे ती माणूस बघून घेतली जाते.

हे सगळं लांबचं वाटतंय? १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. ते नातं नुसत्या नावापुरतं ठेवायचं नसेल, तर संस्थेच्या पोटापाण्याचा प्रश्नही आपलाच आहे. २०२० मध्ये आपल्याकडे कायदा बदलला आणि परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. ज्यांच्यामागे श्रीमंत ओळखीपाळखी नाहीत, त्यांनी उरलेला खर्च कुठून काढायचा?

पुढच्या वेळी फोनवरून पाचशे रुपये पाठवताना ‘यातले पगारावर किती जाणार?’ असं संशयानं विचारू नका. पगारालाच द्या. आणि शक्य असेल तर दर महिन्याला द्या.