आडनावावर थांबा

मागच्या शनिवारी शिवनेरी उतरताना पायथ्याशी झुडपावर एक माशी दिसली. काळीकुट्ट, अंगभर आकाशी ठिपके. मित्राने मोबाईलवर फोटो काढला, ॲपला विचारलं आणि गाडीत बसेपर्यंत जातीसकट लॅटिन नाव लावून नोंद टाकूनही झाली. मी म्हटलं, कशावरून रे? तर म्हणे, "ॲप सांगतंय ना!"

मंडळी, आजचं भांडण या वाक्याशी आहे.

ती थायरियस होती, एवढं नक्की. म्हणजे एकांडी, परजीवी मधमाशी. धंदा कोकिळेचा. निळ्या पट्ट्यांची अमेगिला मातीत बीळ करून पिल्लांसाठी पराग साठवते. ती बाहेर गेली की ही आत शिरून अंडं घालते. हिची अळी यजमानाच्या पिल्लाचा काटा काढते आणि आयता साठा खाते. म्हणूनच हिच्या पायांवर पराग गोळा करायचे केस नसतात.

इथपर्यंत फोटोवरून कळतं. पण थायरियस हे आडनाव झालं! या आडनावाच्या भारतात बऱ्याच जाती, सगळ्या काळ्या आणि ठिपक्यांच्या. वेगळ्या ओळखायच्या तर पंखांमागच्या कवचाची खाच, ठिपक्यांची नेमकी मांडणी आणि बऱ्याचदा नराचे जननावयवही भिंगाखाली बघावे लागतात. लीफ्टिंक या डच कीटकतज्ज्ञाने १९६२ मध्ये नमुने तपासून या गटाची फेरमांडणी केली. ते काम ओझरत्या फोटोवर उरकतं होय?

"एवढा कीस कशाला पाडायचा?" अरे, आपण सॉफ्टवेअरवाले ना? रिकामी फील्ड परवडते, चुकीची व्हॅल्यू नाही. वर ॲप अशाच नोंदींवर शिकतं, म्हणजे आजची थाप उद्याचा पुरावा.

आणि हा नुसता नावांचा खेळ नाही. जुन्नर-आंबेगाव म्हणजे टोमॅटोचा पट्टा. टोमॅटोचं फूल थरथरवलं की पराग नीट सुटतात. ते अमेगिलाला जमतं, पोळ्यातल्या मधमाशीला नाही. थायरियस दिसली म्हणजे जवळपास यजमानाची बिळं शाबूत असणार. उद्या जेसीबीने बांध सपाट केले, तर कोण गेलं हे आपल्या थापांवरून कळणार का?

तेव्हा पुढच्या वेळी वरून, मागून, बाजूने फोटो काढा, जागा-तारीख टाका आणि लिहा: थायरियस, जात अनिश्चित. "माहीत नाही" म्हटल्याने कुणाची इज्जत जात नाही.