दम मोजा, अंदाज नको

पोटातल्या महाधमनीला आलेला फुगा पुरुषांमध्ये 5.5 सेंटिमीटरवर गेला की शस्त्रक्रियेचा विचार होतो. पोट उघडून केलेल्या या शस्त्रक्रियेचा ताण रुग्णाचं हृदय आणि फुप्फुसं सोसतील का, हे आधी ठरवावं लागतं. ‘दोन जिने न थांबता चढता का?’ हा त्यासाठीचा नेहमीचा प्रश्न.

गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातल्या माडिया आदिवासी माणसाला तो विचारून काय कळणार? त्याच्या घराला जिनाच नाही. दम जोखणारी एक प्रसिद्ध इंग्रजी प्रश्नावली तर गोल्फ आणि टेनिसबद्दल विचारते. तिचे प्रश्न इथे सरपणाची मोळी, डोक्यावरचं पाणी, मोहफुलांसाठीची रानातली पायपीट यांबद्दल हवेत आणि त्यांची उत्तरं प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहायला हवीत. 1973 साली सुरू झालेल्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना या माणसांचं जगणं जवळून पाहत आला आहे. हे काम त्याच्याइतकं चांगलं कोण करील?

नुसत्या अंदाजावर विसंबणं धोक्याचं आहे. ‘लॅन्सेट’मध्ये 2018 साली आलेल्या अभ्यासात चाचणीत दम कमी भरलेल्या दर शंभर रुग्णांपैकी जेमतेम 19 जणांनाच डॉक्टरांच्या अंदाजाने ओळखलं होतं. खरं मोजमाप होतं ते सायकल चालवायला लावून, तोंडाला मास्क बसवून, श्वासातला प्राणवायू मोजून. मेलबर्नच्या पीटर ओल्डर यांनी 1993 साली वृद्ध रुग्णांसाठी मिनिटाला वजनाच्या किलोमागे 11 मिलिलिटर प्राणवायू ही धोक्याची रेषा सुचवली.

ते यंत्र दुर्गम तालुक्यात नसेल. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीला मात्र 30 मीटरची सपाट वाट, घड्याळ, खुर्ची, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणि लक्ष ठेवणारा प्रशिक्षित माणूस एवढं पुरतं. पायाच्या धमन्या तुंबलेला रुग्ण पोटरीच्या कळीने आधीच थांबतो, तेव्हा त्याचा दम हातांनी पेडल फिरवायला लावून पाहावा. आकडा कमी आला म्हणून कुणाला परत पाठवू नये. या पट्ट्यात सिकलसेल आहे, रक्तक्षय आहे. त्यांनीही दम घटतो. फुगा फुटण्याची घाई नसेल तर त्यावर उपचार करावेत, तंबाखू सोडवावी, मग पुन्हा चालवून पाहावं.

गडचिरोलीतून नागपूरला रुग्ण पाठवणाऱ्या प्रत्येक डॉक्टराने संदर्भचिठ्ठीवर रक्तदाबाच्या आकड्याशेजारी सहा मिनिटांत चाललेले मीटर लिहावेत, आणि नागपूरच्या भूलतज्ज्ञांनी तो आकडा मागून घ्यावा.