वकील अपघातानंतर, की अपघाताआधी?

नागपूर-अमरावती रस्त्यावरील बाजारगाव येथे 17 डिसेंबर 2023 च्या सकाळी सोलार कंपनीच्या स्फोटक कारखान्यात स्फोट झाला. नऊ जण गेले, त्यांत सहा महिला होत्या. सहा महिने पुरे होत नाहीत तोच, 13 जून 2024 ला, धामणा येथे चामुंडी कंपनीत तोच प्रकार घडला. 24 जानेवारी 2025 ला शेजारच्या भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत आठ जणांचा बळी गेला. 16 फेब्रुवारीला काटोल तालुक्यात कोतवालबर्डीच्या फटाका कारखान्यात दोघे गेले. देशभरातील स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय मात्र नागपुरातच, सेमिनरी हिल्सवर आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

मोठ्या स्फोटाची बातमी होते. जिनिंगमध्ये पट्ट्यात हात गेला, भातगिरणीत पदर अडकला, वीटभट्टीवर भिंत पडली, याची बातमी होत नाही. पण पुढचा क्रम सारखाच असतो. गावकरी फाटकापुढे बसतात, पुढारी येतात, पोलिसात नोंद होते आणि मालक वकिलाचे दार ठोठावतो. ''वकीलसाहेब, मजूर आमचे नाहीतच, ठेकेदाराचे आहेत. एवढं निभावून न्या.''

इथेच खरी गोम आहे. कामगार कायद्याचा जाणकार वकील उद्योजकाला दोन प्रकारचा सल्ला देऊ शकतो. एक, जबाबदारी कागदावर दुसऱ्याच्या गळ्यात कशी घालायची. दुसरा, अपघातच होऊ नये म्हणून काय करायचे. पहिला सल्ला मालकाला गोड लागतो, पण कायद्यापुढे तो टिकत नाही.

कामगार भरपाईचा कायदा 1923 चा. काम मूळ मालकाच्या धंद्याचा भाग असेल, तर मजूर ठेकेदाराने आणला असला तरी भरपाई मूळ मालकाकडून मागता येते, हे कायद्यात तेव्हापासून आहे. मालकाने ती आधी द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करीत बसावे. कंपनीच्या कारखान्याबाबतही पळवाट नाही. कायद्याने 'भोगवटादार' म्हणून कंपनीचा संचालकच उत्तरदायी असतो, मॅनेजरला पुढे करून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगून टाकले. धोक्याच्या उद्योगात तर ''आम्ही सगळी काळजी घेतली होती'' ही सबबही चालत नाही. दिल्लीच्या वायुगळती प्रकरणात 1986 साली न्यायालयाने तो दरवाजा बंद केला.

आता 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. सुरक्षिततेच्या संहितेनुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावे लागते. मालकाच्या कसुरीने मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्या दंडातला निम्मा किंवा अधिक भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. ही चांगली बाजू झाली. दुसरी बाजू अशी की 1948 च्या मूळ कायद्यात विजेवर चालणारा दहा मजुरांचा उद्योगही 'कारखाना' ठरत असे, नव्या संहितेत ती मर्यादा वीसवर गेली. म्हणजे पंधरा मजुरांच्या गिरणीकडे निरीक्षक फिरकण्याची आशा आणखी कमी. तिथे मालकाची जाण आणि वकिलाचा खरा सल्ला एवढाच आधार उरतो. भरपाईची जबाबदारी मात्र मजूर कमी म्हणून सुटत नाही.

हजेरीपटाचेच उदाहरण घ्या. तीस वर्षांचा मजूर महिन्याला दहा हजार कमावतो. तो कामावर गेला, तर पगाराचा निम्मा भाग गुणिले 207.98, म्हणजे 10 लाख 39 हजार 900 रुपये भरपाई बसते. मस्टरवर पगार सहा हजारच दाखविला असेल, तर तीच रक्कम 6 लाख 23 हजार 940 वर येते. महिन्याला चार हजारांची चोरी कागदावर होते आणि विधवेच्या पदरातून चार लाखांहून अधिक रक्कम जाते. ईएसआयमध्ये नाव असेल, तर भरपाईऐवजी वारसांना तिथून पेन्शन मिळते. म्हणून नाव खरोखर नोंदले आहे काय, हे मजुराने जिवंतपणीच पाहून घ्यावे.

आणखी एक गोष्ट गावोगावी सांगायला हवी. अपघातानंतर घरी येऊन रोख रक्कम देतात आणि स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतात. ''आता आमचे काही मागणे नाही'' असे त्यावर लिहिलेले असते. कायद्याचा हक्क अशा कागदाने सुटत नाही. मृत्यूची भरपाई अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. हातोहात दिलेली रक्कम, थोडी उचल सोडली तर, भरपाई म्हणून धरत नाहीत. महिनाभरात रक्कम दिली नाही तर व्याज चढते. वारसांनी मात्र दोन वर्षांच्या आत दावा लावायला हवा.

आणि मालक म्हणजे काय फक्त कारखानदार? 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. 1923 च्या कायद्याच्या यादीत शेतातील कीटकनाशक फवारणीचे कामही होते. रोजीने माणूस लावून फवारणी करून घेणारा शेतकरीही त्या दिवसापुरता मालकच असतो. हातमोजे, तोंडाला फडके, वाऱ्याची दिशा पाहणे, यांना वकिलाची फी लागत नाही.

वकिलाने उद्योजकाला खरा सल्ला द्यावा तो असा: स्फोटकाच्या खोलीत ठरल्यापेक्षा एकही माणूस जास्त बसवू नका, मशीनच्या पट्ट्याला जाळी लावा, नव्या बाईला शिकविल्याशिवाय कामाला लावू नका, हजेरी आणि पगार खरा लिहा. याला खर्च येतो, नाही असे नाही. पण एका अपघाताच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

सकाळच्या पाळीला डबा घेऊन निघालेली बाई संध्याकाळी घरी परतली पाहिजे. वकिलाची फी त्यासाठी खर्च व्हावी. ती परतली नाही, तर मग तोच वकील कोर्टात उभा राहून फक्त आकड्यांची घासाघीस करतो.